सांबऱ्याला सोपवलेली बॅग

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे दुबईला निघाल्या, तेव्हा त्यांची बॅग आम्ही काजूच्या कारखान्यातल्या काट्यावर तोलली. बावीस किलो नऊशे भरली. आत काजूगर, नाचणीचं पीठ, आमसुलं, लोणच्याची बरणी आणि नातवासाठी लाडवांचा स्टीलचा डबा. बाजूच्या कप्प्यात मोज्यात गुंडाळलेलं एक पांढरं बटण होतं, दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. मुलगा गणपतीला आला होता तेव्हा ते ठेवून गेला होता. "हे असलं की बॅग हरवत नाही," असं त्यानं आईला सांगितलं होतं.

हा समज आधी दूर करायला हवा. बॅग हरवू न देणं हे त्या बटणाचं काम नाही. बॅग शेवटची कुठे आणि किती वाजता दिसली, एवढंच ते सांगतं. बॅग घरी येते ती तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीमुळे आणि आपण भरलेल्या तक्रारीमुळे. या दोन्ही गोष्टी जुळवून कशा वापरायच्या, ते निघण्यापासून घरी परत येईपर्यंतच्या क्रमानं पाहू.

आपल्या भागातल्या माणसाला याची गरज जरा जास्तच आहे. चंदगड तालुक्यातून जवळचा विमानतळ म्हणजे बेळगावचा, सांबऱ्याचा. पण सांबऱ्याहून देशातल्या देशातलीच विमानं सुटतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडीचंही तेच. म्हणजे परदेशी जायचं तर मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी विमान बदलणं आलंच. गोव्याच्या मोपा विमानतळावरून आखाताकडे काही थेट विमानं आहेत, पण तिलारी नाहीतर आंबोलीचा घाट उतरून तिथवर जावं लागतं. जगभर बॅगा उशिरा पोचण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे: एका विमानातून दुसऱ्या विमानात जाताना त्या मागे राहतात. विमानतळांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांच्या बाबतीत काही ना काही गडबड झाली. म्हणजे बहुतेक बॅगा नीटच पोचतात. पण न पोचलेली बॅग आपली असली की हा आकडा काही धीर देत नाही.

आता ते बटण काम कसं करतं ते पाहू. त्याला ट्रॅकर किंवा टॅग म्हणतात. अॅपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला आणि लोकांना हा प्रकार माहीत झाला. अशा टॅगमध्ये सिमकार्ड नसतं, आणि आपली जागा उपग्रहावरून शोधणारं जीपीएसही नसतं. असतो तो मुख्यतः ब्लूटूथ, म्हणजे जवळच्या उपकरणांशी बोलणारा कमी ताकदीचा रेडिओ. पूर्वी गावाकडे एसटीच्या कंडक्टरकडे बंद पाकीट द्यायची पद्धत होती. पाकिटात काय आहे हे त्याला ठाऊक नसे, तो ते पुढच्या गावी पोचतं करी. टॅगचं तसंच आहे. बॅगेजवळून एखादा अनोळखी फोन गेला की टॅग त्याच्याकडे आपली खूण सोपवतो, आणि तो फोन ती खूण स्वतःच्या जागेसकट इंटरनेटवरून पुढे धाडतो. खूण कुलूपबंद असते. फोनवाल्याला यातलं काही कळत नाही; उघडून वाचता येतं ते फक्त आपल्याला.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. जवळून फोन गेला नाही तर टॅग मुका राहतो. आकाशात असताना तो काहीच सांगत नाही. विमानतळावर मात्र माणसं आणि फोन भरपूर, म्हणून तिथे त्याचा उपयोग चांगला होतो.

टॅग घेताना सर्वांत मोठी चूक किमतीकडे बघून होते. आधी बघायचं ते फोनकडे. आयफोन असेल तर अॅपलच्या 'फाइंड माय' जाळ्यावर चालणारा टॅग हवा: एअरटॅग, किंवा जुलै २०२४ मध्ये आलेला जिओटॅग एअर. अँड्रॉइड फोन असेल तर गुगलच्या 'फाइंड हब' जाळ्यावर चालणारा हवा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला जिओटॅग गो त्यातला. सॅमसंगचा स्मार्टटॅग सॅमसंग गॅलेक्सी फोनवरच चालतो. बाजारात दोन-तीनशे रुपयांतही काही टॅग मिळतात. त्यांतले बरेचसे फक्त आपल्याच फोनशी, तेही दहा-पंधरा मीटरच्या आत बोलतात. घरात चावी शोधायला ते ठीक, पण बॅग मुंबईत आणि आपण दुबईत असताना त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून खोक्यावर यांपैकी कुठल्या जाळ्याचं नाव छापलंय ते वाचूनच पैसे द्यावेत.

पुढचा प्रश्न, टॅग कोणाच्या फोनला जोडायचा? आपल्याकडे बहुतेक घरांत प्रवास आई-वडील करतात आणि फोनमधलं कळतं मुलांना. काकूंचा टॅग मुलाच्या आयफोनला जोडलेला होता आणि काकूंच्या हातात साधा अँड्रॉइड फोन. हे चालतं, मुलगा दुबईत बसून बॅग बघू शकतो. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. कोणी चोरून पाठलाग करू नये म्हणून अॅपल आणि गुगलनं मे २०२४ पासून एक सोय केली आहे. दुसऱ्याचा टॅग आपल्यासोबत फिरतोय असं दिसलं, की आपल्या फोनवर इशारा येतो. मालकापासून बराच वेळ दूर राहिलेला टॅग हलवला की पिकपिक आवाजही करतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाला रात्री विमानतळावर इंग्रजीत असा इशारा दिसला तर तो घाबरून जातो. काकूंना आम्ही तो इशारा कसा दिसतो हे आधीच दाखवलं होतं, म्हणून त्यांनी तो शांतपणे बाजूला सारला.

टॅग आई-वडिलांच्याच अँड्रॉइड फोनला जोडणार असाल तर वेगळी अडचण येते. फोन दुकानदारानं सुरू करून दिलेला असतो आणि गुगल खात्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो. टॅग त्या खात्याला बांधलेला असतो. फोन बिघडला किंवा हरवला की बॅगेचा पत्ताही त्याच्याबरोबर गेला. म्हणून पासवर्ड आधी नीट करून वहीत लिहून ठेवावा, आणि टॅगची माहिती घरातल्या आणखी एकाच्या फोनवरही दिसेल अशी वाटून ठेवावी. ही सोय दोन्ही जाळ्यांत आहे.

जोडून झालं की टॅगला नाव द्या. नुसतं 'बॅग' नको, 'काकू मोठी निळी' असं काहीतरी. मग 'हरवल्यास' दाखवायचा फोन नंबर घाला, पुढे देशाच्या अंकांसकट. इथेही चूक होते. आपण आपला भारतातला नंबर घालतो, आणि तो परदेशात उतरल्यावर बंद असतो. जिथे उतरणार तिथल्या माणसाचा चालू नंबर द्यावा.

आता बॅटरी. बहुतेक टॅगांत सीआर२०३२ नावाचा, नाण्यासारखा चपटा सेल असतो आणि तो साधारण वर्षभर चालतो. काकूंचा सेल गणपतीपासूनचा होता, म्हणून आम्ही तो निघायच्या आधीच्या आठवड्यात बदलला. पहिल्यांदा घातलेला नवा सेल चाललाच नाही. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप देतात, आणि त्या लेपामुळे काही टॅगांत तो नीट टेकत नाही. बिनलेपाचा सेल घालताच टॅगनं लगेच आवाज दिला. सेल बदलल्यावर हा आवाज ऐकल्याशिवाय बॅग बंद करू नका.

असला टॅग विमानाच्या पोटात चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लुफ्तान्सा या जर्मन कंपनीनं चालू टॅगांना मनाई असल्याचं आधी सांगितलं, पण काही दिवसांतच तिथल्या विमानवाहतूक अधिकाऱ्यांशी बोलून ती भूमिका मागे घेतली. नियम लिथियमच्या वजनाचा आहे. चालू ट्रॅकरमधल्या साध्या सेलात ०.३ ग्रॅमपर्यंत लिथियम चालतं, आणि या चपट्या सेलात ते साधारण ०.१ ग्रॅम असतं. सिमकार्डवाले, चार्ज करावे लागणारे मोठे जीपीएस ट्रॅकर यात बसतीलच असं नाही. त्यांच्याबद्दल विमान कंपनीला आधी विचारावं. पॉवर बँक मात्र सोपवायच्या बॅगेत कधीच ठेवू नये. ती हातातल्या पिशवीतच हवी.

टॅग बॅगेत कुठे ठेवायचा? स्टीलच्या डब्याच्या आत किंवा डब्यांच्या मधोमध अजिबात नको. धातूमधून रेडिओची लहर बाहेर पडत नाही. काकूंनी आधी तो काळजीपोटी लाडवांच्या डब्यातच ठेवला होता. बाहेरच्या खिशातही नको, तिथून तो पडतो किंवा कोणी काढून घेतं. बॅगेच्या कडेला, अस्तराजवळ, कपड्याच्या घडीत ठेवावा. त्याच्याशेजारी एका कागदावर नाव, जाण्याचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवा. वरची पट्टी फाटली तर बॅग उघडून हाच कागद बघतात. मग उघड्या बॅगेचा एक फोटो आणि बंद बॅगेचा एक. "निळी, मोठी, चाकांची" असं वर्णन शेकडो बॅगांना लागू पडतं, फोटो फक्त आपल्याच बॅगेला.

इथेच आपल्या घरांत हमखास होणारी एक चूक सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. दुबईला जाणाऱ्यांनी खसखसही घरीच ठेवावी. तिथे तिला बंदी आहे. क्ष-किरण तपासणीत खोबरं किंवा पॉवर बँक दिसली की बॅग बाजूला काढतात, मालकाला शोधतात, आणि तेवढ्यात विमान निघून जातं. अशा वेळी टॅग सांबऱ्यालाच दिसत राहतो आणि आपण दोष कंपनीला देतो.

सांबऱ्याला बॅग देण्याआधी तिच्यावरच्या जुन्या प्रवासाच्या पट्ट्या आणि चिकटलेले छोटे बारकोड सोलून काढा. यंत्रानं चुकून जुनीच पट्टी वाचली तर बॅग भलतीकडे जाते. खिडकीवर नवी पट्टी लावतात. तिच्यावर दहा आकडी नंबर आणि मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत असतो. बेळगावचा आयएक्सजी, मुंबईचा बीओएम, दुबईचा डीएक्सबी. ती अक्षरं स्वतः वाचा आणि विचारा, "बॅग कुठपर्यंत जाणार? मध्ये मला घ्यावी लागेल का?" दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर बहुधा बॅग पहिल्या तिकिटापुरतीच जाते. पट्टीचा जो छोटा तुकडा आपल्याला देतात, त्याचा तिथेच फोटो काढा. टॅग हरवला तरी चालेल, हा तुकडा हरवता कामा नये.

आता वाटेतली गोष्ट, जिथे सर्वांत जास्त गैरसमज होतात. काकूंचं विमान मुंबईहून सुटलं आणि मुलाच्या फोनवर बॅगेचा ठिपका मुंबईतच थांबला. त्यानं आम्हाला चार वेळा फोन केला, "बॅग राहिली!" मी त्याला ठिपका सोडून त्याखालची वेळ वाचायला सांगितली. ती विमान सुटण्याच्या पाऊण तास आधीची होती. म्हणजे बॅग गाडीवरून विमानाकडे जाताना शेवटचा फोन तिच्याजवळून गेला होता, आणि त्यानंतर ती विमानाच्या पोटात होती. दुबईला सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर ती विसाव्या मिनिटाला आली.

म्हणून नकाशा बघताना नेहमी दोन वेळा ताडून पाहायच्या: ठिपक्याची आणि विमान सुटल्याची. ठिपका विमान सुटण्याआधीचा असेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. विमान सुटून दोन तास झाले आणि ठिपका मागच्याच विमानतळावर ताजी वेळ दाखवतोय, तर बॅग मागे राहिली आहे, यात शंका नको. उतरल्यावर नव्या विमानतळाचा ठिपका आला तर बॅग आपल्याबरोबर उतरली, आता पट्ट्याजवळ थांबायचं. भारतात इंजिन बंद झाल्यापासून ३० मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर यावी, असं विमान सुरक्षा विभागाचं बंधन आहे. तेवढा वेळ तरी धीर धरावा. अँड्रॉइडच्या जाळ्याबद्दल एक गोष्ट: मूळ सेटिंगमध्ये ते वर्दळीच्या जागीच आणि अनेक फोनांना टॅग दिसल्यावर जागा सांगतं, म्हणून ठिपका यायला कधी जास्त वेळ लागतो.

परतीच्या प्रवासात मात्र काकूंची बॅग खरोखरच राहिली. परदेशातून येताना भारतात आपण ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो, तिथेच साधारणपणे बॅग पट्ट्यावरून घ्यायची, कस्टमच्या तपासणीतून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायची असते. जाताना सांबऱ्याला दिलेली बॅग थेट दुबईलाच मिळाली होती. येतानाही तसंच होईल असं काकूंना वाटलं, आणि त्या रिकाम्या हातानं पुढच्या विमानाकडे गेल्या. सांबऱ्याला पट्टा थांबला तरी बॅग नाही. दुबईहून मुलाचा फोन आला: ठिपका मागच्याच विमानतळावर, वेळ पाच मिनिटांपूर्वीची. बॅग तिथल्या पट्ट्याजवळ उभी होती.

अशी वेळ आली तर बाहेर पडू नका. हॉलमध्येच बॅगांच्या तक्रारीची खिडकी असते. तिथे पीआयआर नावाचा अर्ज भरून घ्या. बॅग न मिळाल्याची ती नोंद असते. अर्जावर दहा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो: सहसा आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीची दोन, मग पाच आकडे. तो घेतल्याशिवाय परत फिरू नका. जगभरच्या कंपन्या हरवलेल्या बॅगा वर्ल्डट्रेसर नावाच्या यंत्रणेत याच क्रमांकानं शोधतात. टॅगचा नकाशा कितीही अचूक असला, तरी या क्रमांकाशिवाय कर्मचाऱ्याला आपली बॅग हलवता येत नाही.

नकाशा दाखवायचा तो याच वेळी. "तुम्ही खोटं बोलता" म्हणून फोन पुढे केला तर समोरचा माणूस गप्प होतो. "बॅग अमुक विमानतळावर आहे, ९ वाजून ४० मिनिटांनी दिसली, हा पट्टीचा नंबर, हा फोटो" असं सांगितलं तर तो लगेच तिकडे फोन लावू शकतो. डिसेंबर २०२४ पासून आयफोनवर टॅगची जागा बाहेरच्या माणसाला दुव्यानं पाठवता येते. बॅग मिळाली की तो दुवा आपोआप बंद होतो, नाहीतर सात दिवसांनी. एअर इंडियानं २०२५ मध्ये ही सोय आपल्या बॅग शोधण्याच्या कामात जोडली. दुवा घेत नसतील तर नकाशाचं चित्र पाठवा, वेळ स्पष्ट दिसेल असं. ठिपका एखाद्या अनोळखी घरावर दिसला, तर कोणी चुकून आपली बॅग उचलली असण्याची शक्यता मोठी. स्वतः तिथे जाऊ नका. कंपनीकडे त्या प्रवाशाचा नंबर असतो, त्यांनाच फोन करू द्या.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची विमानं मोठ्या संख्येनं रद्द झाली आणि विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. सरकारनं त्या बॅगा ४८ तासांत प्रवाशांपर्यंत पोचवायचा आदेश दिला होता. अशा ढिगात आपली बॅग कुठल्या शहरात आहे एवढं जरी ठाऊक असलं, तरी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हे कळतं.

मुदती पाठ असू द्याव्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. बॅग फुटली-फाटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं मानून भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ती रक्कम दीड लाखाच्या वर जाते. देशातल्या प्रवासात मर्यादा २०,००० रुपये. दागिना किंवा रोकड बॅगेत ठेवणं किती महागात पडेल, ते यावरून कळावं. बॅग येईपर्यंत लागलेले कपडे, औषधं यांच्या पावत्या जपून ठेवा.

काकूंची बॅग तिसऱ्या दिवशी आली. कस्टमच्या तपासणीसाठी त्यांना संमतीपत्र आणि कुलपाचे आकडे लिहून द्यावे लागले. घरपोच पत्त्यात घर नंबर नव्हताच, म्हणून आम्ही देवळाचं नाव, काजूच्या कारखान्याची खूण आणि दोन फोन नंबर दिले होते. बेळगावहून गाडी निघाली तेव्हा मुलाच्या फोनवर ठिपका हिंडलग्याला दिसला, मग शिनोळीला, आणि मग दीड तास काहीच नाही. मुलगा पुन्हा काळजीत. मी त्याला म्हटलं, पुढच्या रस्त्यावर तुझ्या टॅगशी बोलणारे फोन कमी आहेत, थांब जरा. तेवढ्यात काकूंच्याच फोनवर तो इशारा पुन्हा आला, अनोळखी टॅग जवळ आहे म्हणून. या वेळी त्यांनी तो बाजूला सारला नाही. चपला घालून त्या रस्त्यावर गेल्या, तर गाडीवाला देवळापाशी पत्ता विचारत उभा होता.

सही करण्याआधी आम्ही बॅग तिथेच उघडली, निघतानाच्या फोटोशी कुलूप, चाकं, कडा ताडून पाहिल्या, आणि परत काट्यावर ठेवली.